नीवेससाठी सज्जा गप्प बसला

आमच्या पार्मा शहरात ऑपेराच्या थिएटरचा सगळ्यात वरचा सज्जा म्हणजे कोर्ट. तिथली शिट्टी कौतुकाची नव्हे, गाणाऱ्याला घरी पाठवायची. माझा भाऊ एर्मेस डुकराच्या मांड्या खारवून हॅम करतो. तीस वर्षं तो त्या सज्ज्यात शिट्ट्या मारत आला. मोठमोठ्यांना रडवलं मेल्यानं. आणि त्याचीच पोर, माझी भाची नीवेस, ऑपेरात गायला निघाली. घ्या!

चर्चमधल्या गाण्यातून उचलून झाइराबाईंनी तिला शिकवायला घेतलं. पहिलं वर्षभर गाणं नाहीच. जमिनीवर उताणं पडायचं, पोटावर पिठाची पिशवी, आणि नुसता श्वास घ्यायचा. मी म्हणायचे, “अगं, गायला शिकतेस की मरायला?” ती हसायची, पिशवी घसरायची, बाई ओरडायच्या. मग आसपासच्या गावांत मोलकरणीच्या, दाईच्या बारीकसारीक भूमिका. लोक वाखाणायचे, पण तिला त्याचं काही नव्हतं. “आत्या, आपला सज्जा मला गायिका म्हणाला की खरं,” हेच तिचं पालुपद.

शेवटी पार्मात मुख्य भूमिका मिळाली. दोन रविवार, दुपारचे खेळ. एर्मेसची पाचावर धारण बसली. आदल्या दिवशी तो बारमध्ये सज्ज्यातल्या एकेकाचे हात धरत फिरला. “उद्या चुकली तरी शिट्टी नको रे. माझी पोर आहे.”

मी म्हटलं, “लाज नाही वाटत? इतरांच्या पोरी काय उकिरड्यावर सापडल्या होत्या?” पण ऐकतोय कोण!

त्या रविवारी वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. एरवी सज्ज्यानं छप्पर उडवलं असतं. सगळे गप्प. मग हळूच टाळ्या, आजाऱ्याची समजूत काढावी तशा.

घरी गेल्यावर तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही कुणाला काही सांगितलं होतं?”

“मी? मादोन्नामातेची शप्पथ, नाही!”

मी तिथं असते तर एक ठेवून दिली असती त्याला. मधल्या आठवड्यात सज्ज्यातला प्रीमो न्हावी तिला रस्त्यात हसत हसत म्हणाला, “बापानं पाय धरले म्हणून वाचलीस हो पोरी!” ती तशीच माझ्याकडे आली. मी खरं ते सांगितलं.

“शिट्टी मारली असती तर मी पुन्हा उभी राहिले असते, आत्या. एवढंही मला झेपणार नाही, असं वाटलं बाबांना?”

दुसऱ्या रविवारी काय गायली म्हणून सांगू! तोच वरचा सूर असा लागला की माझे डोळे वाहायला लागले. सज्जा उठून उभा राहिला, पाय आपटत, तिचं नाव ओरडत. एर्मेस ढसाढसा रडत होता. पोरीनं एकदा वर पाहिलं, मान लववली आणि आत गेली.

“आज मी कुणाशी चकार शब्द बोललो नाही गं! मादोन्नाशप्पथ!” एर्मेस रंगपटाच्या दारात काकुळतीला आला होता.

“मागच्या वेळीही हीच शपथ होती, बाबा.” ती तोंडावरचा रंग पुसत राहिली.

मी म्हटलं, “अगं, खरंच नाही बोलला तो. मी होते ना सज्ज्यात त्याच्या शेजारी!”

“तूही माझीच आत्या ना. त्या टाळ्या खऱ्या होत्या, हे आता कसं मानू?” ती म्हणाली.

त्यानंतर ती कधी गायली नाही.