वास बोलवायचा

डावा हात बाटलीच्या तोंडापासून वीतभर लांब धरायचा, पंजा जरासा वाकवायचा आणि हवा हळूच आपल्या नाकाकडं लोटायची. "वास बोलवायचा. आपण न्हाई जायचं त्याच्याकडं," असं अक्का दर वर्षी नव्या पोरांना सांगायच्या. लॅबमध्ये ठीक आहे हो. पण अक्का मंडईतल्या आंब्यालाही असाच हात हलवून वास बोलवायच्या. आंबेवाला वैतागायचा. "बाई, आंबा घ्यायलाव का माशा हाकलायलाव?" माझ्या डब्यातली शेंगाचटणी, चहाचा कप, कुणी दिलेला मोगऱ्याचा गजरा, सगळ्यांवरून तो हात फिरायचा. तुमच्याही पाहण्यात असतील अशी माणसं, कामाची सवय घरापर्यंत नेणारी. मला सुरुवातीला फार हसू यायचं.

सत्तरनंतरची ती वर्षं. सोलापूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, आणि अक्का माझ्या सीनियर. मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ये तंगी, बस." तंगी म्हणजे धाकटी बहीण. घरी मी थोरली, सगळ्यांचं करणारी. धाकटं म्हणणारं कुणीतरी भेटलं याचाच मला इतका आनंद झाला की त्या दिवसापासून मी त्यांचीच झाले.

इरकली साडी, त्यावर पांढरा ॲप्रन, पदर आत खोचलेला. प्रॅक्टिकलच्या आधी काचेच्या बांगड्या उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. आणि डाव्या खांद्यावर टाचणीनं लावलेली लाल लिटमस कागदाची पट्टी, पाण्यात भिजवलेली. हवेत अमोनिया सुटला की ती पट्टी निळी पडते, हे शाळकरी पोरालाही माहीत. पण खांद्यावर मिरवणाऱ्या एकट्या अक्काच. आमचं गाव गिरण्यांचं, मोर्च्यांचं. पोरं म्हणायची, "अक्का लाल बावट्यात गेल्या!"

"व्हय, गेले," अक्का म्हणायच्या. "हवा बिघडली की माझा बावटा रंग बदलतो आन् सांगून बदलतो. तुमच्या पुढाऱ्यांना जमतं का बघा."

अमोनियाची त्यांना भारी धास्ती. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. स्टेशनवरून हातगाडीवर बाटल्या यायच्या, त्या तव्यासारख्या तापलेल्या. आत वायू कोंडलेला. अशा वेळी कुणी बुचाला हात लावला की अक्का अंगावर धावून यायच्या. बाटली आधी ओल्या पोत्यात गुंडाळायची, मग गार पाण्याच्या घमेल्यात बसवायची. पार गार झाली की खिडकीशी न्यायची, वर ओलं फडकं टाकायचं, तोंड बाजूला फिरवायचं आणि बूच अगदी हळू, जरा जरा सैल करायचं. हे सगळं चालू असताना अक्का बाटलीशी बोलायच्या. "उन्हातनं आलायस, टेक जरा. पाणी घे." मग पोरांकडं वळून, "उन्हातनं आलेल्या पावण्याला तुमी दारातच कामाचं विचारता का? पाणी देता, वारा घालता, मग त्यो आपणहून बोलतो. तसंच हाय हे." पोरं हसायची. पण त्या कॉलेजातून शिकून गेलेला कुणीही आजसुद्धा गरम बाटली उघडणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

एकदा स्टाफरूममध्ये स्टोव्हवर दूध ठेवून मी दारात कुणाशी तरी बोलत राहिले. अक्का स्टोव्हला अगदी खेटून जर्नलं तपासत होत्या. दूध करपलं. व्हरांड्याच्या पार टोकाकडून शिपाई ओरडत आला, "बाई, काय जळायलंय?" मी धावले. अक्का मान खाली घालून तशाच लिहीत होत्या. मी म्हटलं, "अक्का, वास नाही आला तुम्हाला?"

"आला की," त्या म्हणाल्या आणि घाईघाईनं तो हात हलवला.

त्या दिवशी मला कळलं, आंब्यावरून, गजऱ्यावरून, चहावरून फिरणारा तो हात दर वेळी रिकामाच परत येत होता.

संध्याकाळी लॅब बंद करताना मी सरळ विचारलं. अक्कांनी दार लोटून घेतलं. "माझं पहिलंच वर्ष हुतं. भर उन्हातनं आलेली अमोनियाची बाटली, मला लई घाई, तशीच उघडली. चष्मा हुता म्हणून डोळे वाचले. नाक गेलं. आता करपलेलं दूध काय आन् मोगरा काय, मला सारखंच गं."

"पण अमोनिया तर कळत असेल?"

"डोळ्याला झोंबला की कळतो. पण तवर उशीर झालेला असतो की. म्हणून तर हा बावटा." मग माझा हात धरून म्हणाल्या, "सरांना सांगू नको तंगी. हितनं काढलं तर मी काय करू? लॅब सोडून मला दुसरं काय येतंय?"

आमचे विभागप्रमुख सर माणूस चांगला, पण नाकाबद्दल कडक. ज्याला वास येत नाही त्यानं प्रयोगशाळेत पाऊल टाकू नये, असं ते वर्गात ठणकावून सांगायचे. मी गप्प राहिले. इतकंच नाही, मी अक्कांचं नाक झाले. काही वेगळा वास आला की मी मोठ्यानं म्हणायचे, "अक्का, खिडकी उघडू का?" त्या लगेच सावध व्हायच्या. आमचं बरं चाललं होतं. खरं सांगते, त्या चोरट्या कारभाराची मला मजाच वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षेची तयारी चालू होती. मी शेजारच्या खोलीत तराजूवर वजनं करत होते. लॅबमध्ये ईथरची बाटली होती, तिचं बूच उन्हानं ढिलं झालेलं. ईथरची वाफ जड, ती टेबलावरून सरपटत जाते, दिसत नाही, आणि ठिणगी मिळाली की भडकते. अक्कांनी सवयीनं खांद्याकडं पाहिलं. पट्टी लाल. सगळं ठीक. बर्नर पेटवायला त्यांनी काडीपेटी उघडली, काडी काढली.

समोरची एक मुलगी सहज बोलली, "अक्का, दवाखान्यातल्यासारखा वास यायलाय."

मग मला पलीकडून अक्कांचा आवाज ऐकू आला. "कुणी काय पेटवू नका. दिवे, बटनं, कशाला हात लावू नका. सगळे भाईर. चालत जायचं, पळायचं न्हाई." मी धावत गेले तोवर पोरी एकेक करून बाहेर पडत होत्या आणि अक्का खिडक्या सताड उघडत होत्या.

काही झालं नाही. पोरी समोरच्या गाड्यावर बर्फाचा गोळा खायला गेल्या, त्यांना सुट्टी मिळाल्याचाच आनंद. अक्का व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. काडीपेटी मुठीत चुरगळलेली.

"पट्टी लालच हुती गं," त्या म्हणाल्या.

"ईथरला लिटमस काय करणार, अक्का?"

"तेच की! मला काय ठाऊक न्हाई का? मीच शिकवते. पण इतकी वर्षं तिच्याकडं बघून बघून, लाल दिसली की हवा चांगली, असं हातानंच ठरवून टाकलंय. डोक्याला विचारलंच न्हाई त्यानं." मग उठल्या. "सरांकडं जाते."

मी त्यांचा पदरच धरला. "कशाला? कुणाला काही कळलेलं नाही. यापुढं मी तुमच्या शेजारून हलणार नाही."

"तुला ताप येईल. उद्या लगीन हुईल, पोरं हुतील. ह्या लेकरांचे जीव तुझ्या नाकाला टांगून ठेवू?" त्यांचा आवाज चढला. "मोकळ्या केसांची पोरगी आली तर मी भाईर काढते. ॲप्रन इसरली तर घरी धाडते. सगळ्यांना नियम आन् मला सूट व्हय?"

मला इतका राग आला! असलं कसलं हे खरेपण, असं वाटलं. त्या आत गेल्या आणि मी तिथंच उभी राहून रडले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले, असं अक्कांनीच सांगितलं. अक्कांची बदली कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. जाताना त्यांनी आपला ॲप्रन धुऊन, इस्त्री करून मला दिला. डाव्या खांद्यावर टाचणीच्या गंजाचे दोन ठिपके होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मी कधी घासूनही पाहिले नाहीत. लॅबच्या बाजूला अक्का पुन्हा फिरकल्या नाहीत. पुस्तकं देता घेता पोरांना विचारायच्या मात्र, "पावण्याला पाणी दिलं का रे आज?"

अक्का आता नाहीत. रिटायर झाल्यावर त्या मंगळवेढ्याला भावाकडं राहायला गेल्या. एका थंडीत मी एसटीनं त्यांना भेटायला गेले होते, ती आमची शेवटची भेट. सकाळी त्यांनी मला रानात नेलं. ज्वारी हुरड्यात आलेली. भावाच्या सुनेनं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा माझ्यापुढं ठेवला. अक्कांनी हात उचलला, आरावरून तो तसाच हलवला, आणि मग मधेच मांडीवर ठेवून दिला.

"तंगी, सांग की कसा यायलाय."

मी आयुष्यभर शिकवलं, पण वास कसा सांगतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "दुधासारखा थोडा," मी म्हटलं. "कोवळा. गोडसर. कडेला जरा करपल्यासारखा."

डोळे मिटून त्या ऐकत होत्या. "आन् गोवरीचा? त्यो पण असंल की."

मी वाकले, आरावर हात धरला आणि हवा हळूच त्यांच्याकडं लोटली.

"तोही आहे, अक्का," मी म्हटलं. "तोही येतोय."