पुलियाच्या पुढचं चित्र

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो, ते बहुतेक हसण्यासाठी. राग मानू नका, खरं तेच सांगतो. माझं कामच तसं आहे. नागपुरात एका विमा कार्यालयात मी मृत्यूचे दावे तपासतो. माणूस गेला हे घरचे रडून सांगतात आणि मी म्हणतो, दाखला आणा. तीस वर्षं हेच केलेल्या माणसाचा असल्या गोष्टींवर विश्वास बसणार कसा? भुतांवर तर माझा आजही नाही. पण...

आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल. तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. संत्र्याची बाग आहे. वडील लवकर गेले. घरी आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान विलास. विलासचा हात म्हणजे देणगी होती. बागेतल्या मोटारीच्या खोलीच्या भिंती त्यानं कोळशानं भरून टाकल्या होत्या... बैल, बाया, पाणी पिणारी माकडं. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी मागे लागून त्याला मुंबईच्या एका कला महाविद्यालयाचा अर्ज भरायला लावला. त्याच सुमारास मला नागपूरच्या या नोकरीची ऑर्डर आली. आईजवळ आणि बागेत दोघांपैकी एकानं राहणं भाग होतं. मीच मोठेपणानं आईला म्हणालो, "विलासचं बोलावणं आलं तर तो जाईल. मी नोकरी सोडतो."

बोलावणं आलं. मे महिना, दुपारचे दोन वाजले असतील. पोस्टमननं पाकीट माझ्याच हातात दिलं, आईनं पाहिलं नाही. विलास बागेत होता, गावापासून पाच किलोमीटरवर. निवड झाल्याचं वाचून मी पाकीट खिशात टाकलं आणि सायकल काढली. खरंच त्याला द्यायलाच निघालो होतो, हे तेवढं माझ्या बाजूनं. नाल्यावरच्या पुलियाच्या अलीकडे चढ आहे. तिथं उतरून सायकल ढकलत होतो तेव्हा चपलेचा अंगठा तुटला. रस्ता तव्यासारखा तापलेला. मी बाभळीखाली टेकलो, पाकीट काढून पुन्हा वाचलं... आणि तिथं बसल्या बसल्या मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं. बाग, मोटार, खत, आई. मी ते पत्र फाडलं आणि तुकडे कोरड्या नाल्यात टाकले. घरी येऊन आईला सांगितलं, सायकलची चेन उतरली म्हणून परत आलो.

पुढचा महिनाभर विलास रोज विचारायचा, "पोस्टमन आला होता का गा दादा?" मी नाही म्हणायचो. मग त्यानं विचारणं सोडलं. "नसन झाली निवड," एवढंच म्हणाला. भिंतीवर काढणंही हळूहळू सोडलं. मी नागपूरला आलो. तो आजही बागेत आहे. बायको आहे, मुलं आहेत, खाऊन-पिऊन सुखी आहे. तक्रार कधीच केली नाही. तेच मला जास्त सलतं.

आता मुख्य अनुभव.

माझी मुलगी रुची बावीस वर्षांची, मिहानमधल्या एका कंपनीत आहे. मागच्या वर्षी माझा पाय मोडला आणि दीड महिना मी सोफ्यावर होतो, तेव्हा तिनं मला एक अ‍ॅनिमेशनची मालिका लावून दिली. मालिकेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एक तिरसट लिफ्टवाली बाई आहे. तिची लिफ्ट वर-खाली जात नाही, आडवी जाते... आणि प्रत्येक दार एका वेगळ्याच जगात उघडतं. सगळी जगं आपल्यासारखीच, फक्त एकेक गोष्ट वेगळी घडलेली. एका जगात सगळे उलटे चालतात, एकात माणसं शिंकली की लग्न मोडतं. बाईसोबत एक बकरी असते, ती मधूनमधून लिफ्टचे नियम खात्या तोंडानं ऐकवते. मी पोट धरून हसलो. पाय बरा झाला, पण मालिका सुटली नाही. बकरीचे नियम रुचीपेक्षा मलाच जास्त पाठ झाले.

या मालिकेच्या नागपुरातल्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी तीनला ते गोकुळपेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत जमणार होते. रुची मला घेऊन गेली. "बाबा, चला, पण स्पॉइलर देऊ नका हं. अर्ध्यांनी शेवटचे भाग पाहिले नाहीत." पंधरा-सोळा जण, कूलर घरघरतोय, मधे आलूबोंडे आणि तर्री. पांढऱ्या केसांचा मी एकटाच.

वाद रंगला होता. ज्या भागात लिफ्टवाली चुकीच्या दारातून परत येते, त्यातली बाई मूळची की दुसऱ्या जगातली? पंकज नावाचा एक काटोलकडचा पोरगा हात नाचवत बोलत होता. "अरे, मूळची-बिळची काही नसते ना! सगळ्याच खऱ्या आहेत. तू त्या दुनियेत गेला, त तिथले लोक तुलेच नकली म्हणतीन."

"मग तू नकली आहेस का पंक्या?" कुणीतरी विचारलं.

"मी कुठंही गेलो तरी नापासच होतो, मले काय फरक पडते!"

मग रुचीनं खेळ काढला. लिफ्टवाली समोर आहे, तिला कुठलं दार मागाल? एकाला नागपुरात मे महिनाच नसलेलं जग हवं होतं. पंकज म्हणाला, "जिथं मी इंजिनिअरिंग केलं नाही ते." निम्म्या खोलीनं हात वर केले. माझी पाळी आली. मी हसून म्हणालो, "माझा पाय न मोडलेलं जग."

माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिशीची एक बाई बसली होती. चष्मा, पिवळी ओढणी, हातात प्लेट. खेळ पुढे सरकला तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अविकाका, खोटं काहून बोलून राहिले?"

मी चमकलो. अविनाशचं 'अवि' फक्त आमच्या गावात करतात. नागपुरात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही.

"तुम्ही विलास सरांचे भाऊ ना? मी ओळखलं. चित्रातल्यासारखेच दिसता, केस तेवढे पांढरे."

"कुठले विलास सर?"

"असं काय करता काका! आमचे सर. अ‍ॅनिमेशन शिकवतात ते. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी तुमचीच तर गोष्ट सांगतात. पुलियापाशी चप्पल तुटली, अन् तुम्ही तशा उन्हात एक पाय अनवाणी घेऊन बागेपर्यंत पत्र आणून दिलं. सर म्हणतात, मी जे काय आहे ते त्या पायाच्या फोडांमुळे."

मंडळी, त्या चपलेबद्दल मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला मी चेनच सांगितली होती.

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. तिला वाटलं मी लाजतोय. तिनं मोबाइलवर एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. "हे पहा ना, क्लासच्या भिंतीवर आहे. केवढं मोठं काढलंय सरांनी!"

कोळशाचं चित्र होतं. उन्हाचा रस्ता... रस्ता जवळपास कोराच सोडलेला, तरी डोळे दिपत होते. पुलिया मागे पडलेली. आणि मी. तेवीस वर्षांचा. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात तुटकी चप्पल आणि लांबट पाकीट दातांत धरलेलं. अनवाणी पाय चटक्यानं उचललेला.

मी कसंबसं विचारलं, "पाकीट दातांत का?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं सरांना! खिसा घामानं भिजला होता, शाई पसरेल म्हणून दातांत धरलं."

इथं मी अंगावर काटा वगैरे लिहिणार नाही. भीती वाटलीच नाही. माझ्याजवळ जी आठवण आहे ती पुलियापाशी संपते. पाकीट तोवर खिशातच होतं. पुलियाच्या पुढे काय झालं असतं, हे मला कसं ठाऊक असणार? आणि तरी चित्र पाहिल्याबरोबर जिभेवर कागदाची, डिंकाची चव आली. आकाशाकडे पहिल्यांदाच वर पाहिल्यावर वाटेल तसं काहीतरी मला वाटलं. कुठंतरी एक मी आहे, जो बाभळीखाली बसला नाही.

"बाबा, फोटो!" रुचीनं ग्रुप फोटोसाठी ओढलं. फोटो झाला. मी वळलो. ती बाई तिथंच होती, शांतपणे आलूबोंडा खात होती. मी म्हणालो, "ते चित्र पुन्हा एकदा दाखवता का?"

तिनं गोंधळून पाहिलं. "कोणतं चित्र, काका?"

मला वाटलं थट्टा आहे. पण तिला खरंच काही माहीत नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. चित्रकला तिनं शाळेनंतर केलेली नाही, विलास नावाचे कुणी सर तिला माहीत नाहीत. "मी तर फक्त तुम्हाला तर्री सरकवा म्हणाले होते," ती म्हणाली. माझा चेहरा पाहून तिनं आपणहून मोबाइलमधले सगळे फोटो दाखवले. तसं काही नव्हतं.

मी स्वतःलाच समजावलं. अपराधी मन, दुपारचं ऊन, वाद ऐकून भरलेलं डोकं... माझ्यासमोर असा दावा आला असता तर मी तो नाकारलाच असता. पण स्कूटीवर घरी जाताना रुचीनं सहज विचारलं, "ती ताई तुमच्या गावची का हो? तुम्हाला अविकाका म्हणत होती."

रुचीनं ऐकलं होतं. तेवढाच एक शब्द.

नंतर मी ग्रुपवर नाव न घेता, एक शंका म्हणून विचारलं की असं काही झालं तर मालिकेच्या नियमांत ते कसं बसेल. पंकजनं लगेच लिहिलं, "सोप्पं आहे काका. लिफ्टचं दार नीट लागलं नसन." त्याखाली पंचवीस हसरे चेहरे. मी मात्र हसू शकलो नाही.

पुढच्या रविवारी मी एसटीनं गावी गेलो. विलास बागेत पाण्याच्या पाळ्या बदलत होता. मला पाहून फावडं ठेवलं.

"काहून आला गा दादा, असा एकाएकी? सारं ठीक हाय ना?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोस्टमन, पुलिया, चप्पल, नाला. मग ती बाई आणि ते चित्र. एकही शब्द राखून ठेवला नाही. तो पाटातल्या पाण्याकडे पाहत होता. तिकडंच पाहत त्यानं विचारलं, "चप्पल तुटली नसती, त आला असता का तू?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही."

"हं," तो म्हणाला. मग पुन्हा फावडं उचललं. "जाय तू आता. तीनची गाडी भेटन तुले."

विलासच्या बायकोनं घरून चहा भरून पाठवला होता, थर्मास बांधावर होता. त्यानं तो उघडला नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. मी तीनच्या गाडीनं परत आलो.

पंधरा दिवस गेले. फोन नाही. विलासच्या बायकोनं रुचीला विचारलं, दोघा भावांचं काय बिनसलं म्हणून. त्या दिवसांत मी ठरवून टाकलं होतं की विलास मला दुरावला, आणि ते योग्यच आहे.

मग परवा सकाळी अकरा वाजता कार्यालयात मोबाइल वाजला. विलास. तो मला कधी फोन करत नाही, नेहमी मीच करतो.

"दादा."

"बोल."

"ते चित्र... चांगलं होतं का?"

"खूप चांगलं होतं."

"तसं नको सांगू. नीट सांग. तो उचललेला पाय कसा काढला होता? मले उचललेला पाय कधी जमलाच नाही. लाकडी दिसे."

मी डोळे मिटले. सगळं लख्ख दिसत होतं. "लाकडी नव्हता रे. टाच तिरपी होती. बोटं आत वळलेली, अंगठा तेवढा वर. पाहताना माझा तळवा पोळला."

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता. समोर दोन माणसं कागद घेऊन उभी होती, मी त्यांना बसा म्हणू शकलो नाही.

"म्हणजे जमलं त्याले," विलास म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती बाई त्या पाच मिनिटांत कुणाचं आयुष्य बोलत होती, ते चित्र कुठल्या भिंतीवर आहे, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला समजलं तर जरूर लिहा. विलासनं मला माफ केलेलं नाही, आणि मी ते मागितलेलंही नाही. पण ते तीन शब्द म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता. काय होतं... तेही मला सांगता येत नाही.