सगळ्यात मागचा

नायमेखनच्या स्टेशनवर एक म्हातारे डच गृहस्थ रोज दिसायचे. गाडी आली की सगळ्यांना पुढे घालून स्वतः शेवटी चढायचे. एकदा मी म्हटलं, "आधी तुम्ही चढा ना." त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली.

आत बसल्यावर मात्र सांगू लागले. तरुणपणी, वसंतात, ते मित्रांबरोबर परदेशातल्या डोंगरात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. बर्फातल्या ठशांमागे दिवसभर एका रांगेत चालले. संध्याकाळी ते ठसे त्यांच्याच सकाळच्या वाटेवर आले. अस्वलाचे पंजे त्यांच्या बुटांच्या ठशांवर उमटले होते.

"म्हणजे तेच आमच्या मागावर होतं. मी वळून पाहिलं, तर सगळ्यात मागचा मित्र नव्हता. ओरडलासुद्धा नाही."

माझं स्टेशन आलं. लख्ख ऊन होतं, फलाटावर माणसं होती, तरी जिन्यापर्यंत मला मागे वळून बघवेना.