सालीची बर्फी

लोहारा गावातल्या कारखान्यात संत्र्याच्या फोडी डब्यात बंद होतात आणि उरलेल्या सालींवर तिथेच नोकरीला असलेले आमचे एक शेजारी संशोधन करतात. दर रविवारी सालीचं काहीतरी नवं करून ते दारात उभे. कधी लोणचं, कधी बिस्किटं, एकदा तर शेव!

"खाऊन पाहा, पण खरं सांगजा बरं!"

आम्ही कसंबसं गिळून "मस्त!" म्हणायचो. ते हिरमुसून ताटली घेऊन जायचे.

मागच्या महिन्यात बर्फी आणली. सासूबाईंनी पहिलाच घास थुंकला.

"माय वं! कडू जहर हाये हे. काहून खाऊ घालून राह्यले लोकायले?"

गडी असा खुलला, की वाकून त्यांच्या पायाच पडला.

आता नवा नमुना फक्त सासूबाईंना. आम्हाला ते सोललेली संत्री देतात आणि कशी लागली, हे विचारत नाहीत.