करीमचाचा आणि माझ्या वावरातला खड्डा

परदेशी भांडवलाच्या एका वीट कंपनीनं मला फसवलं. वारंगा फाट्याजवळचं माझं सहा एकर वावर तिनं भाड्यानं घेतलं, माती उपसली आणि दोन पुरुष खोल खड्डा ठेवून निघून गेली. करारातली मेख मला दाखवणारा माणूस एकच होता, करीमचाचा.

चाचा कळमनुरीला तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. कुठलाही कागद हाती आला की शेवटच्या पानापासून वाचायचे. म्हणायचे, "हक्क पहिल्या पानावर असतेत. जिम्मेदारी कुठं लपवली ते मागून कळतं."

मी हातगाडीपासून ट्रकपर्यंत पोचलेला माणूस. मला कोण शिकवणार? भाड्यासाठी कंपनीच्या साहेबाशी तीन दिवस हुज्जत घातली, जिंकलो आणि त्याच तोऱ्यात सही ठोकली. नंतर चाचांनी करार वाचला आणि कपाळाला हात लावला.

"शेट, भाडं तर लई झकास ठरवलं. पण वाद झाला तर फैसला कंपनीच्या देशात, असं लिहिलंय. अन् जमीन सपाट करून देणार, हे कुठंच न्हाई. काहून घाई केली?"

मी चिडून उठलो. चार वर्षं बोललो नाही.

खड्डा पाहिला आणि पुन्हा त्यांच्याकडेच गेलो. टोमणा नाही, काही नाही. चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या कागदात न्हाई. पण सरकारकडून परवानगी घेताना त्यायनं काय कबूल केलं, ते बघू." माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवाच होता. अर्ज टाकला. परवानगीच्या कागदांची नक्कल आली त्या दिवशी सत्तरीचे चाचा भर बसस्थानकात ओरडत आले, "घावलं! शेट, घावलं!" कंपनीनंच लिहून दिलं होतं: काम संपल्यावर जमीन पूर्ववत करू, इथल्या कंपनीनं केली नाही, तर परदेशातली मूळ कंपनी करील. त्या कागदाच्या जोरावर मी जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार टाकली.

हिंगोलीला सुनावणी झाली. कंपनीचे वकील म्हणाले, "करारानुसार हा वाद परदेशातच चालेल."

चाचा ताडकन उभे राहिले. "साहेब, तो करार शेटचा. हे वचन सरकारला दिलेलं! जमीन इथली, माती इथली, अन् फिर्याद समुद्रापार? मग खड्डाबी घेऊन जा म्हणावं तिकडंच!"

सगळी कचेरी हसली. अधिकारीही हसले. "लेखी निकाल देतो," म्हणाले.

त्या निकालाची वाट बघत चाचा गेले. शेवटच्या भेटीतही त्यांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "आला का कागद?"

तो निकाल अजून आलेला नाही. आता मी विचारतो. परवानगी देताना अधिकाऱ्यांनी कंपनीसाठी दुपारचं जेवण सोडून शिक्के मारले. मग तिच्याकडून वचन पाळून घेताना हात का आखडला? ज्या अधिकाऱ्यांनी त्या परवानगीवर सही केली, त्यांनी माझ्या वावरात यावं आणि समोर उभं राहून उत्तर द्यावं.