धाराशिवच्या गोदामात पाच वेळा ‘का?’

खरं सांगते, या कामाला मी होकार दिला तो गुलाबजामसाठी. गोदामांच्या मॅनेजर लोकांना कमी फेऱ्यांत, कमी नासाडीत आणि एकमेकांच्या साथीनं काम करायला शिकवणं हा माझा बारा वर्षांचा धंदा. भिवंडी, चाकण, नागपूर सगळं पालथं घातलंय. धाराशिवचं बोलावणं आलं आणि माझी मैत्रीण म्हणाली, तिथल्या खव्याचे गुलाबजाम खाल्ले नाहीस तर जन्म फुकट. म्हटलं, चला.

पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर टेंभुर्णी, बार्शी, येडशी करत साडेदहापर्यंत पोचता. टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या की देवाचं नाव घ्यायचं आणि हॉर्नवर हात ठेवायचा. येडशीच्या अलीकडे चुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा, साठ रुपये, पोट भरतं. बसस्टँडजवळ लॉज हजारात मिळाला, गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. सामान टाकलं आणि थेट गुलाबजाम गाठले. दोन प्लेटी तिथंच खाल्ल्या. लाज कसली?

गोदाम बेंबळीच्या रस्त्याला. सोयाबीनचा हंगाम, पोत्यांच्या थप्प्या पार छतापर्यंत. आजूबाजूच्या गोदामांचे सहा मॅनेजर शिकायला जमले होते. या गोदामाचे मॅनेजर नाना, साठीला टेकलेले, बोलायला इतके गोड की पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांची लेक झाले. बायकोच्या हातचे धपाटे आणि शेंगाचटणी घेऊन आले होते. दारातल्या तिवईवरच्या माठातलं गार पाणी त्यांनी स्वतः मला दिलं. त्यांच्या हाताखाली मिलिंद वाघमारे, पस्तिशीचा, कमी बोलणारा, तेर गावचा. नळदुर्गजवळ हायवेला कंपनीचं नवं गोदाम उघडतंय. तिथं मॅनेजर म्हणून जावं ही त्याची इच्छा, आणि त्यासाठी शिफारस नानांची लागणार. हे मला नानांनीच सांगितलं, कौतुकानं. पोरगा हुशार आहे म्हणाले.

पहिल्या दिवशी मी माझा हुकमी खेळ घेतला. गोदामाचा नकाशा भिंतीवर लावायचा, प्रत्येकाच्या मागे एक माणूस वही-पेन घेऊन फिरणार आणि पुढचा जिथं जिथं चालेल ती रेघ नकाशावर त्याच्या रंगात ओढणार. दुपारपर्यंत कोण कुठं फुकट पाय तोडतंय ते दिसतं. लोक हसतात, स्वतःलाच चिडवतात, मजा येते. इथंही आली. नानांची रेघ फोनपासून चहापर्यंतच, त्यावर सगळे खिदळले. मिलिंदची हिरवी रेघ मात्र सहा वेळा वजनकाट्याला वळसा घालून पार मागच्या बोअरच्या नळापर्यंत गेलेली. मला तर घबाडच मिळालं. वाघमारे, तिकडं कोणाला भेटायला जाता, असं मी विचारलं. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कुठलीही गडबड दिसली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं. मी मिलिंदला सगळ्यांसमोर उभं केलं. नळावर का? पाणी प्यायला. माठ दहा पावलांवर असताना तिकडं का? सवय हाय, म्हणाला. सवय का लागली? असंच, म्हणाला. मी काय थांबतेय! म्हटलं, इथं चुकीचं उत्तर नसतं, सांगा बिनधास्त, का?

त्यानं एकदा नकाशाकडं पाहिलं.

“सहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी इथल्या माठातलं पाणी पिलो, मॅडम. दुसऱ्या दिवशी माठ नवा होता.”

मला आधी कळलंच नाही. शप्पथ. मी मूर्खासारखी हसतच होते. मग त्याचं नाव, आडनाव, सकाळी त्यानं सहज सांगितलेलं, की आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर आहे, हे सगळं एकदम डोक्यात शिरलं. असलं काही खेड्यापाड्यात, जुन्या काळात, असं मी समजत होते. इथं संगणक होता, बारकोडची मशीन होती, भिंतीवर माझा रंगीत नकाशा होता!

नाना म्हणाले, माठाला तडा गेलता, म्हणून बदलला. तेव्हा दाराशी बसलेले हमालांचे मुकादम अंबादासमामा उठले.

“तडा न्हवता, नाना. चांगला माठ मी ओढ्यात टाकला. तुमीच सांगितलं होतं.”

सहा मॅनेजर आपापल्या वह्यांत बघत होते. पाचवा ‘का’ विचारायची पाळी माझी होती, नानांना. आणि मी काय केलं? “चहा घेऊया का?” म्हणाले. बारा वर्षं लोकांना मुळाशी जायला शिकवणारी बाई मुळाशी पोचली आणि चहाच्या आडोशाला पळाली.

चहाच्या वेळी मिलिंद नळापाशीच सापडला. मी माफी मागितली. तो चिडला नाही, हेच जास्त लागलं.

“तुमी उद्या जाल, मॅडम. मला इथंच राहायचंय.”

रात्रभर हेच डोक्यात. याची शिफारस मी माझ्या एका खेळापायी घालवली की काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपवून, तुळजापूरमार्गे नळदुर्ग, दीड तास. नवं गोदाम दाखवायला नाना माझ्याच गाडीत. किल्ला जरूर बघा, पाणी महालात उतरा, पण नर-मादी धबधबे पावसाळ्यातच, आता नुसता दगड. तिकीट किरकोळ, पाणी सोबत न्या. रस्ताभर नाना उसाच्या भावावर बोलले. महालाच्या पायऱ्यांवर दम खाताना एकदाच म्हणाले की तेव्हा घरात सोवळंओवळं पाळणारी आई होती, लोकांना तोंड द्यावं लागतं, माझ्या मनात काय न्हाय. मला त्यांचे धपाटे आठवले. एवढा मायाळू माणूस! वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं मला. तरी मी एवढं म्हणाले, “हे मिलिंदला सांगा, नाना. मला नको.” त्यांनी मान हलवली. सोलापूरला त्यांना धाराशिवच्या बससाठी स्टँडवर सोडून मी पुण्याला लागले.

अहवालात मी मिलिंदची शिफारस ठासून केली. पंधरा दिवसांनी कंपनीतून फोन आला, नळदुर्ग त्यालाच मिळालं, नानांनीही नाव दिलं होतं. मी घरात नाचले अक्षरशः. त्याच संध्याकाळी गोदामात काय सुधारलं याचा नानांचा अहवाल आला. आधीचा आणि नंतरचा फोटो जोडायचा, ही माझीच पद्धत. आधीच्या फोटोत तिवईवरचा माठ. नंतरच्या फोटोत रिकामा, झाडून घेतलेला कोपरा. खाली नानांच्या अक्षरात: अनावश्यक वस्तू काढली, आता सर्वजण घरून बाटली आणतात.

मी किती वेळ तो फोटो बघत बसले कोण जाणे. मग मिलिंदला फोन लावला, अभिनंदन केलं आणि घाईघाईनं म्हणाले, नव्या गोदामात पहिला माठ माझ्यातर्फे.

“नको, मॅडम,” तो म्हणाला. “तिथं माठ ठेवणारच न्हाय. मी मॅनेजर असताना कोण त्यातलं पितंय आन् कोण न्हाय, ते मला बघायचं न्हाय.”

मी ‘बरं’ म्हटलं. का, ते विचारलं नाही.