कारणाचा रकाना

पेनाचं टोपण काढून ती ‘काय बदलायचं’ ते लिहायची, मग टोपण परत लावून आपल्याकडं बघायची. “आन् का?”

मी तेव्हा बेळगावात एका पंपाच्या कारखान्यात मशीनशॉपचा फोरमन होतो. तापट माणूस. ती ड्रॉईंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे ड्रॉईंगच्या नकला उतरवणारी, मूळची निपाणीची. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. ड्रॉईंगमधली एक रेघ हलली तरी तिच्या लांबलचक रजिस्टरात नोंद व्हायची. ड्रॉईंगचा नंबर, काय बदललं, का बदललं, कुणी सांगितलं. क्रम हाच, शब्द मोजके, एका नोंदीत एकच बदल. दोन बदल सांगितले की दोन नोंदी, मग तुम्ही बसा बोंबलत.

एकदा मालकांनीच घाईत ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढं लिहून पाठवलं. ती कागद घेऊन परत त्यांच्यापुढं उभी. “मालक, धा वर्षांनी कुणी वाचलं तर कुठली किरकोळ, हे त्याला कसं कळायचं?” मालक हसले आणि मुकाट्यानं पुन्हा लिहून दिलं. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. तुम्ही त्याच्यावर चिडला असाल. मी तर लई चिडायचो.

साखर कारखान्यांना जाणाऱ्या आमच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, उसाच्या गरम रसात फुगायचा आणि बुशमध्ये अडकायचा. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी. तिचं भोक केसभर वाढवायला हवं होतं.

“आक्का, भोक वाढवा. झालं.”

“आन् का?”

“मी सांगतोय म्हणून!”

“तसंच लिवू?” ती शांतपणे म्हणाली. “फोरमन अण्णा तापले म्हणून भोक वाढवलं?”

मला हसू फुटलं, आणि कारण सांगावंच लागलं.

चार-पाच वर्षांनी नवे इंजिनिअर साहेब आले. बुश त्यांना सैल वाटला. त्यांनी ड्रॉईंगमध्ये पहिलं माप परत घालायला लावलं. सांगायला लाज वाटते, पण ते भोक का वाढवलं होतं हे तोवर मीच विसरलो होतो. ड्रॉईंग आलं तसे बुश करून मोकळा झालो. ऐन हंगामात चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात आमचे पंप अडकून बसले.

साहेब मालकांपुढं म्हणाले, “मी काही बदललेलं नाही. मशीनशॉपनं माप चुकवलंय. फोरमनला घरी पाठवा.” माझ्या दोन मुली शिकत होत्या.

मालकांनी आक्काला बोलावलं. तिनं रजिस्टर उघडून आधी माझी जुनी नोंद वाचली. मग त्याच सुरात दुसरी वाचली. “बुशचं भोक पहिल्याएवढं केलं. का: विचारलं, कारण दिलं नाही. कुणी सांगितलं: इंजिनिअर साहेब. आधीची नोंद बघावी.” खाली साहेबांची सही होती. न वाचता केलेली.

मालकांनी रजिस्टर ओढून घेतलं, स्वतः वाचलं आणि मला म्हणाले, “जा, कामाला लागा. भोकं वाढवून द्या सगळी.” साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी तिला हात जोडले. डोळे भरून आले होते. “आक्का, माझ्यासाठी तुम्ही...”

“तुमच्यासाठी न्हाय, अण्णा. तुम्ही चुकला असता तर ते बी लिवलं असतं की.”

तिचं हे बोलणं ऐकून मला तिचा दुप्पट अभिमान वाटला. आजही वाटतो.

पुढं तिला पुण्याला मोठी नोकरी लागली. त्याच साली मी कामानं निपाणीला गेलतो, तेव्हा तिच्या घरी डोकावलो. तिची आई दारात चार बायकांबरोबर विड्या वळत बसली होती. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, “साहेब, माझी लेक तुमच्यात काय काम करायची वो? विचारलं की म्हणायची, लिवते.”

मी सांगितलं. तिच्या लिहिण्यानं माझी नोकरी राहिली, माझ्या मुली शिकल्या, खोटं बोलणारा मोठा साहेब गप्प बसला. आईचे हात सुपातच थांबले. ती बायकांकडं वळली. “ऐकलं का गं?” मग मला म्हणाली, “परत सांगा. जरा मोठ्यानं सांगा, पलीकडच्या घरात बी ऐकू जाऊ दे.”

मी उभा राहिलो आणि परत सांगितलं, पहिल्यापासून.